अण्णांच्या छातीतला तो आवाज

पत्र: मावशी म्हटलं तर चालेल ना? दांडिया बाजाराजवळच्या एका पोळमध्ये, म्हणजे अरुंद गल्लीतल्या दाटीच्या वस्तीत, आमचं जुनं घर आहे. मी शाळेत शिकवते. गणपतीच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळची आरती झाल्यावर माझे सासरे, अण्णा, हिंचक्यावर (झोपाळ्यावर) बसले होते. वय ७६. मी प्रसादाच्या वाट्या आवरत होते. बघते तर त्यांची मान एका बाजूला कलंडलेली. हाक मारली, हलवलं, उत्तर नाही. घशातून घरघर मात्र येत होती. मध्येच थांबायची, परत यायची. श्वास चालू आहे म्हणून आमच्या जिवात जीव होता. सासूबाईंनी तोंडात तुळशीचं पाणी घातलं, शेजारच्या बेननी तळपाय चोळले. नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. मग १०८ ला लावला. यात पाच-सहा मिनिटं गेली असतील. फोनवरच्या मुलाने सांगितलं, जमिनीवर घ्या आणि छाती दाबा. नवरा मकरपुऱ्याला कारखान्यात होता. मी आणि माझ्या सातवीतल्या मुलाने अण्णांना खाली घेतलं आणि मी दाबायला लागले. दहा-बारा वेळा दाबलं असेल, तेवढ्यात हाताखाली कट् असा आवाज झाला. मी घाबरून हात काढला. परत लावलाच नाही. अॅम्ब्युलन्स आली, त्यांनी खूप केलं, पण हॉस्पिटलात गेल्यावर 'गेले' म्हणून सांगितलं. तेराव्याला एका नातेवाइकांनी सगळ्यांसमोर म्हटलं, माहिती नसताना छाती कशाला दाबायची, म्हाताऱ्या माणसाची हाडं ती. त्या आवाजाबद्दल मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या हातून गेले का अण्णा? सासूबाई ७२ च्या आहेत, त्यांना बीपी आहे. पुन्हा असं झालं तर मी काय करायचं?
एक सून, बडोदे

उत्तर: नाही. तुझ्या हातून गेले नाहीत. हे दोनदा वाच, मग पुढचं वाच.

मावशी म्हणालीस, म्हणून मी 'तू'च म्हणते. बडोद्यातल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात मी ३१ वर्षं सिस्टर होते, त्यातली बरीच वर्षं कॅज्युअल्टीत आणि आयसीयूत. तू ऐकलास तो आवाज माझ्या तळहाताखाली किती वेळा झाला, याची मोजदाद नाही. पहिल्यांदा झाला तेव्हा मी २३ वर्षांची होते आणि माझाही हात थांबला होता. समोरच्या डॉक्टर जोरात म्हणाल्या, "सिस्टर, थांबू नका." माझ्या बाजूला सांगायला कुणीतरी उभं होतं. तुझ्या बाजूला बारा वर्षांचं पोर होतं.

बरगड्या पुढच्या बाजूला छातीच्या मधल्या हाडाला कूर्चेने जोडलेल्या असतात. वय वाढलं की ही कूर्चा कडक होते, हाडं ठिसूळ होतात. छाती पुरेशी खोल दाबली तर म्हाताऱ्या माणसाची एखादी बरगडी मोडणं किंवा कूर्चा निखळणं अगदी नेहमीचं आहे. शिकलेल्या, सराव असलेल्या हातांखालीही ते होतं. आवाज आला की आम्ही एवढंच बघतो, हात मधल्या हाडावरच आहे ना, बाजूला सरकला नाही ना, आणि दाबत राहतो. मोडलेली बरगडी काही आठवड्यांत जुळून येते. रक्त न पोचलेला मेंदू चार-पाच मिनिटांनंतर परत न येण्यासारखा बिघडू लागतो.

आता घरघर. तुझ्या पत्रातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट तीच आहे, आणि तिच्यावरून तू एका शब्दाचाही प्रश्न विचारलेला नाहीस. घरघर लागणं म्हणजे काय हे मराठी माणसाला लहानपणापासून माहीत असतं. पण आपल्याच माणसाच्या घशातून ती ऐकू आली की आपण म्हणतो, श्वास चालू आहे. कॅज्युअल्टीच्या दारात मी हे वाक्य किती जणांकडून ऐकलंय. "सिस्टर, गाडीत घातलं तेव्हा श्वास चालू होता, घोरत होते." तो श्वास नसतो गं. हृदय थांबलं, मेंदूला रक्त जायचं बंद झालं, की मेंदूच्या तळाचा भाग शेवटचे आचके देतो. तोंड उघडतं, घशात आवाज होतो, मध्ये लांब खंड पडतो, परत एक आचका. पहिली काही मिनिटं हे अनेकांना होतं. त्याने फुप्फुसात कामाची हवा जात नाही. तेव्हा अण्णांची मान कलंडली आणि ते हाकेला उत्तर देईनासे झाले, तेव्हाच त्यांचं हृदय थांबलं असणार. तू छातीला हात लावलास त्याच्या पाच-सहा मिनिटं आधी. जे आधीच थांबलंय ते तुझ्या दाबण्याने कसं थांबेल?

उलट बघ. माणूस पडला की रक्तात काही मिनिटं पुरेल एवढा प्राणवायू शिल्लक असतो, फक्त ते रक्त पुढे ढकलणारं कुणी नसतं. हृदय पुढचं हाड आणि पाठीचा कणा यांच्या मधोमध आहे. वरून दाबलं की रक्त पुढे जातं, हात सैल केला की छाती वर येते आणि हृदय परत भरतं. तू दहा-बारा वेळा दाबलंस. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत अण्णांच्या मेंदूला जे काही रक्त पोचलं, ते तुझ्या हातांनी पोचलं. घरातल्या बाकी कुणाच्या कशानेही नाही.

मग तू मनात विचारशील, मी थांबले नसते तर वाचले असते का? खोटं सांगून मी तुझी समजूत घालणार नाही. हे कुणीच सांगू शकत नाही. हॉस्पिटलबाहेर हृदय थांबलेली माणसं जगात बहुतेक ठिकाणी दहात एकसुद्धा वाचत नाहीत. छाती दाबायला सुरुवात होईपर्यंत जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला आशा कमी होत जाते, आणि अण्णांच्या बाबतीत ती मिनिटं घरघरीने खाल्ली, तू नव्हे. लगेच दाबायला घेतलं तर वाचण्याची शक्यता दुप्पट-तिप्पट होते, हेही तितकंच खरं आहे. ते मी तुझ्या पुढच्या वेळेसाठी सांगतेय, मागच्या वेळेचा हिशोब मांडायला नाही.

तेराव्याला जे बोलले त्यांच्याबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. "माहिती नसताना कशाला दाबायची" हे वाक्य ज्या ज्या घरात बोललं जातं, त्या घरात पुढच्या वेळी कुणी हात लावत नाही. छाती बाहेरून दाबून हृदय चालवता येतं, हे १९६० साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या तिघांनी जगापुढे मांडलं. त्यापूर्वी छाती उघडून हृदय हातात धरून दाबावं लागे. त्या तिघांतले कौवेनहोवेन डॉक्टर नव्हते, विजेचे इंजिनियर होते. दोन हात असलेला कोणीही, कुठेही हे सुरू करू शकतो, असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. आपल्याकडच्या भूलतज्ज्ञांनी २०१७ साली न शिकलेल्या सामान्य माणसांसाठी मार्गदर्शन काढलं, त्यातही तोंडाने श्वास देण्याच्या भानगडीत न पडता नुसती छाती दाबत राहा, असंच सांगितलंय. त्या नातेवाइकांना हे सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव. पण हृदय चालू असलेल्या माणसाची छाती चुकून दाबली गेली तर तो कण्हतो, हात झटकतो, आणि आपण थांबतो. मोठी इजा क्वचितच होते. हृदय थांबलेल्याची दाबली नाही तर तो जातो. शंका आली की दाबायचं, ते यासाठी.

आता सासूबाई. किंवा नवरा, किंवा शेजारच्या बेन. कुणीही असो.

खांदे हलव, मोठ्याने हाक मार. उत्तर नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं दिसलं की पुरे. हे बघायला दहा सेकंदांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. नाडी शोधत बसू नकोस. घाबरलेल्या माणसाला स्वतःचीच नाडी बोटात लागते आणि फसायला होतं. हे आम्हा सिस्टर लोकांचंही व्हायचं. घरच्या डॉक्टरांना फोन नाही, नवऱ्याला नाही, आधी १०८. गुजरातेत ही सेवा २००७ पासून आहे. फोन स्पीकरवर टाकून माणसाच्या डोक्याशी ठेव आणि बंद करू नकोस. पलीकडचा माणूस तुझ्याबरोबर मोजतो, धीर देतो. त्या दिवशी आवाज झाल्यावर "कट् झालं" असं फोनमध्ये ओरडली असतीस, तर त्याने "चालू ठेवा" म्हटलं असतं.

तू अण्णांना हिंचक्यावरून खाली घेतलंस, ते फार बरोबर केलंस. हिंचक्यावर, पलंगावर, गादीवर दाबलं तर दाब गादी खाते. जमीनच हवी. छातीच्या शेजारी गुडघ्यांवर बस. दोन स्तनांच्या मध्ये जे हाड आहे, त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर एका हाताच्या तळव्याची टाच ठेव, त्यावर दुसरा हात, बोटं एकमेकांत. कोपरं सरळ, खांदे बरोबर हातांच्या वर. दंडाच्या जोराने दाबशील तर मिनिटभरात दमशील. कमरेपासून पुढे झुकून अंगाचं वजन टाकायचं. खोली दोन इंच, म्हणजे पाच सेंटिमीटर, सहाच्या वर नाही. आपल्याला वाटतं त्यापेक्षा हे बरंच खोल असतं. नवखा माणूस भीतीने नेहमी कमीच दाबतो. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ दे, पण तळवा उचलू नकोस. वेग मिनिटाला १०० ते १२०. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंद एकदा टिकटिकला की साधारण दोन दाब.

आणि थांबायचं नाही. दाबत राहिलं की नळ्यांमधला रक्ताचा दाब हळूहळू चढतो. थांबलं की क्षणात पडतो, परत चढवायला पुन्हा बरेच दाब लागतात. पंप मारून हापशीचं पाणी वर आणतो तसं, सोडलं की खाली. म्हणून दोन मिनिटांनी हात बदलायला दुसऱ्या कुणाला तरी बोलव. बेनना शिकव, त्या तळपाय चोळायला आल्याच होत्या, चांगले मजबूत हात असतील. माणूस हलू लागला, नीट श्वास घेऊ लागला, किंवा १०८ ची माणसं येऊन "आता आम्ही" म्हणाली, तरच थांब. मग श्वास चालू असून शुद्ध नसेल, तर त्याला कुशीवर वळव.

पोळमधल्या घरांचं एक वेगळं असतं. अॅम्ब्युलन्स आत शिरत नाही आणि आतली घरं बाहेरच्याला सापडत नाहीत. फोन लावला की लगेच एकजण पोळच्या तोंडाशी जाऊन उभा राहायला हवा. गणपतीच्या दिवसांत मंडपाच्या कडेला लावलेल्या स्कूटर हलवायला अजून दोघं. तुझा मुलगा त्या दिवशी तुझ्याजवळ थांबला, ते साहजिकच होतं. पण हे काम त्याचं, आणि ते मोठ्या माणसाइतकंच मोलाचं आहे, असं त्याला सांग.

तुळशीच्या पाण्याबद्दल लिहिताना माझा हात जड होतोय. शुद्ध नसलेल्या माणसाचा घसा गिळायचं काम करत नाही. तोंडात घातलेलं पाणी श्वासनळीत उतरतं. म्हणून पाणी नाही, साखर नाही, कांदा नाही, काहीच नाही. पण हे सासूबाईंना आत्ता सांगू नकोस. त्यांनी पन्नास वर्षांच्या जोडीदाराच्या तोंडात तुळशीचं पाणी घातलं, आणि त्या पाण्याने अण्णा गेले नाहीत, हृदय त्याआधीच थांबलं होतं. त्यांच्याकडे तेवढा एकच आधार उरलाय. काही महिने जाऊ देत. मग कधी कुणाची गोष्ट निघाली की सहज सांग, की आता डॉक्टर म्हणतात आधी छाती दाबायची, तुळस डॉक्टरांनी सांगितल्यानंतर.

वर सांगितलं ते एकाएकी कोसळलेल्या मोठ्या माणसासाठी. ज्याचा आधी श्वास अडला आणि त्यामुळे हृदय थांबलं, त्याचं निराळं. बुडालेला, लहान मूल, गळफास, घशात काही अडकून निपचित झालेला. त्यांच्या रक्तातला प्राणवायू आधीच संपलेला असतो, तिथे नुसत्या दाबण्याने पुरत नाही. मान मागे करून हनुवटी वर उचलायची, नाक चिमटीत धरायचं, तोंडाला तोंड लावून छाती उचललेली दिसेल एवढीच फुंकर, एक सेकंद. तीस दाब, दोन श्वास, असं चालू ठेवायचं. बुडालेल्याला तर आधी श्वास, मग दाब. १८ जानेवारी २०२४ ला आपल्या हरणी तलावात बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, तेव्हापासून मी जिथे बोलायला जाते तिथे एवढं सांगतेच. बुडालेल्या मुलाला उलटं धरायचं नाही, पोट दाबून पाणी काढत बसायचं नाही. त्यात जातात तीच मिनिटं श्वासाची असतात. तू शिक्षिका आहेस, मुलांची सहल घेऊन जातेस, हे तुला यायलाच हवं. लहान मुलांची छाती एका हाताने आणि तिच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश खोल दाबतात. तान्ह्याची दोन अंगठ्यांनी.

उत्तरायणाला विजेच्या तारेत अडकलेला पतंग काढताना कुणी चिकटला, तर आधी मेन स्विच बंद करायचा आणि मगच हात लावायचा. बाहेरची मोठी तार असेल तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळ जायचंच नाही, नाहीतर एकाचे दोन होतात.

सासूबाईंना कवळी असेल, म्हणून ठसक्याचंही सांगते. जोरात खोकता येत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल, हात गळ्याकडे जात असेल, तर पुढे वाकवून पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याने पाच जोरदार थापा. नाही निघालं तर मागून मिठी घालून, बेंबीच्या जरा वर मूठ ठेवून आत आणि वरच्या दिशेने पाच झटके. आलटून-पालटून. बोट घालून चाचपडायचं नाही, अडकलेलं आणखी आत जातं. त्या निपचित झाल्या तर खाली आडवं करून छाती दाबायला सुरुवात.

तुझ्या मुलाबद्दल तू पत्रात एकच ओळ लिहिलीस, पण माझं मन तिथेच अडकलंय. त्याने आजोबांना खाली घ्यायला हात दिला, आईला दाबताना बघितलं, आणि आईने हात काढलेलाही बघितला. त्याच्याशी कुणी बोललंय का? शाळेतल्या मुलांना बाराव्या वर्षापासून वर्षाला दोन तास हे शिकवावं, याला जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये पाठिंबा दिला आहे. तो बरोबर त्या वयाचा आहे. मोठ्या माणसाची छाती पुरेशी खोल दाबण्याइतकं वजन त्याच्या अंगात कदाचित अजून नसेल, पण तो दुसऱ्याला दाखवू शकतो, मोजू शकतो, फोन लावू शकतो. ज्या बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, जिथे जुम्मादादा आणि माणिकरावांच्या आखाड्यात आपल्या आजोबांच्या पिढीने शरीर कमावलं, तिथल्या शाळेत वर्षातले दोन तास यासाठी मिळू नयेत, हे मला पटत नाही. तुझ्या मुख्याध्यापकांकडे विषय काढ. मी येईन शिकवायला. पोळच्या गणपती मंडळातही येईन, पुढच्या वर्षी आरतीनंतर अर्धा तास द्या. सरावाचा पुतळा मी आणते.

तोपर्यंत एक कर. रविवारी दुपारी दिवाणखान्यातला कडक लोड जमिनीवर ठेव आणि मुलाला शेजारी बसव. हाताची टाच कुठे, कोपर कसं, हे त्याला दाखव आणि दोन मिनिटं घड्याळ लावून दाब. हात भरून येतील, श्वास लागेल, मग त्याला बसव आणि तू मोज. आणि ते करताना त्याला त्या आवाजाचं सांग. तो तिथे होता, त्यानेही ऐकला असणार, आणि तुझ्यासारखाच तोही गप्प आहे.

नवऱ्याला त्याआधी सांग. शनिवारी रात्री.